‘ढ’ कोणाला म्हणावे?

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वर्णमालेत ‘ढ’ या अक्षरावर जेवढा अन्याय झाला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या अक्षरावर झाला नसेल. ढग, ढाल, ढोल अशी चांगली भारदस्त मंडळी त्याच्या पदरी आहेत. पण तो एकटा उच्चारला की शिवी होतो. वर्गात ज्याला वाचता येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेता येत नाही, पाढा म्हणताना जो मध्येच अडतो, तो ‘ढ’. याची एक उपपत्ती सांगतात. अशोककालीन ब्राह्मी लिपीपासून आपली देवनागरी घडत आली. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या या प्रवासात बहुतेक अक्षरांनी आपली रूपे पार पालटली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो शिकत नाही, बदलत नाही, त्याला ‘ढ’ म्हणू लागले. उपपत्ती खरी असो वा नसो, ऐकायला गमतीची आहे.

मी ती ऐकली पांडवलेण्यांत. आम्ही इंदिरानगरात राहतो. आमच्या भागातून त्रिरश्मीचा डोंगर दिसतो, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस जसा कधी जात नाही तशी मीही कधी गेले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ लेणी पाहावयास गेलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला हा लेख, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. त्याविषयी मी परीक्षेपुरते वाचले होते. प्रत्यक्ष भिंतीसमोर उभी राहिले आणि एक अक्षर वाचता येईना. ओळी दिसत होत्या, अक्षरे सुटी सुटी दिसत होती, कोणीतरी काहीतरी अर्थपूर्ण लिहून ठेवले आहे हेही कळत होते. पण तोंडातून ध्वनी फुटेना. शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलांना ‘ढ’ची कथा सांगत होते. माझ्या भावाने ती ऐकली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ताई, तुला पण वाचता येत नाही ना?” मी नाही म्हटले. त्याला इतका आनंद झाला की डोंगर उतरेपर्यंत तो मला तेच तेच विचारीत होता.

त्या आनंदाचे कारण सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. मी काही या विषयाची तज्ज्ञ नव्हे. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच, आणि मानसशास्त्र हा विषय मी घेतला तोही मैत्रिणीने घेतला म्हणून. पण प्रथम वर्षाला ‘अध्ययन अक्षमता’ या विषयावरचे एक व्याख्यान ऐकताना माझ्या हातातले पेन थांबले. सर जे वर्णन करीत होते तो मुलगा आमच्या घरी होता.

भाऊ सध्या आठवीत आहे. शाळा मराठी माध्यमाची. बोलण्यात चलाख, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारा, गल्लीतल्या निम्म्या सायकलींची दुरुस्ती करणारा. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो दुसरीत होता. पुढची दोन वर्षे शाळा मोबाईलवर भरली. घरात मोबाईल एक, आणि मी आठवी संपवून नववीत जाणार म्हणून तो माझ्या वाट्याला. पाचवीत तो पुन्हा बाकावर बसला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हते. सगळे म्हणाले, कोरोनामुळे सगळ्यांचेच मागे पडले आहे, येईल हळूहळू. इतरांचे आले. याचे आले नाही. मग तो युक्त्या शिकला. रात्री मी धडा मोठ्याने वाचावा, त्याने ऐकावा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक उघडून तो घडाघडा ‘वाचून’ दाखवावा. सहावीत एकदा त्याने पान चुकीच्या जागी उलटले आणि पितळ उघडे पडले. वर्ग हसला. तेव्हापासून मराठीच्या तासाच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखू लागले. घरी आम्ही त्याला नाटकी म्हणत होतो. मीसुद्धा म्हणत होते, हे इथे नमूद केले पाहिजे.

एकदा मी त्याला रागाने विचारले, “अरे, अक्षरे तर तुला ओळखता येतात, मग वाक्य का वाचता येत नाही?” तो म्हणाला, “वाचतो ना, पण शेवटच्या शब्दापर्यंत जाईस्तोवर पहिला विसरतो.” पुढे जी पुस्तके मी चाळली त्यांतले पुष्कळसे या एका वाक्यात आले आहे असे मला आज वाटते.

ते कसे, ते पाहू. बोलणे मूल आपोआप शिकते. वाचणे तसे नाही. लेखनकला माणसाला सापडून पाचेक हजार वर्षेच झाली, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मतः तयार अशी जागा नाही. डोळ्यांनी पाहिलेली खूण आणि कानांनी ऐकलेला ध्वनी यांची गाठ मारण्याचे काम प्रत्येक मुलाच्या मेंदूला नव्याने करावे लागते. बहुतेकांची ही गाठ दोन-तीन वर्षांत इतकी पक्की होते की वाचताना आपण अक्षरे पाहतो हेही आपल्या ध्यानात राहत नाही. काही मुलांची मात्र ती सहज बसत नाही. शब्दातले ध्वनी सुटे करणे त्यांना अवघड जाते. प्रत्येक शब्द त्यांना जणू पहिल्यांदाच उलगडावा लागतो, त्यातच सारी शक्ती खर्च होते, आणि अर्थासाठी काही उरत नाही. याला वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. हीच अडचण प्रामुख्याने लिहिण्यात असली तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असली तर डिसकॅल्क्युलिया. पुष्कळदा एकाच मुलात दोन एकत्र नांदतात. या सर्वांचे सामायिक नाव विशिष्ट अध्ययन अक्षमता.

‘विशिष्ट’ या शब्दाला येथे महत्त्व आहे. अडचण त्या विशिष्ट कामापुरती असते. बुद्धी सर्वसामान्य असते, कधी त्याहून सरसही. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी उभी केलेली ‘प्रबोधिनी’ आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे, आणि तिचे कार्य मोठेच आहे. पण अध्ययन अक्षमता असलेले मूल त्या शाळेतले नव्हे. त्याची जागा तुमच्या-माझ्या वर्गातच आहे, आणि अडचणीची सुरुवातही तिथेच होते, कारण वर्गात ते इतरांसारखेच दिसते. पांगळ्या मुलाला कोणी पळण्याच्या शर्यतीत उभे करून हसत नाही. याला रोज उभे करतात.

अशी मुले फार थोडी असतात असा आपला समज असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत निरनिराळ्या भाषा व संस्कृतींतील शालेय मुलांत हे प्रमाण ५ ते १५ टक्के दिले आहे. साठ मुलांच्या वर्गात तीन ते नऊ. ज्यांना आपण ‘मागचा बाक’ म्हणत होतो तो आठवून पाहा.

हा आजकालचा, इंग्रजी शाळांतून आलेला रोग आहे असेही पुष्कळांना वाटते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत, खेळात तरबेज, पण शिकवून शिकवून वाचता येईना. त्याच्या मास्तरांचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे: सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना मी मनोमन नमस्कार केला. आपल्याकडे तर हे अधिक समजायला हवे होते. ज्या मुलखाने अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची कविता डोक्यावर घेतली, त्या मुलखात वाचता न येणे म्हणजे बुद्धी नसणे हे समीकरण रूढ व्हावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक वळण आहे. इंग्रजी पुस्तकांत उदाहरणे असतात ती ‘बी’ला ‘डी’ म्हणण्याची. ती वाचून मराठी शाळेतल्या शिक्षकाला वाटते, हा इंग्रजीचा विकार दिसतो. आपली मराठी बोलावी तशी लिहावी, लिहावी तशी वाचावी, बाराखडी आली की वाचन आलेच पाहिजे. आणि बाराखडी येऊनही ज्याला वाचन येत नाही तो आळशी असला पाहिजे. वरवर पाहता हे तर्कशुद्ध आहे. पण आपल्या लिपीकडे शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या अगोदर येते, उच्चारताना मागाहून. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, प आणि ष यांत फरक तो एका गाठीचा किंवा एका रेघेचा. ‘खाना’ लिहिलेले ‘रवाना’ होऊन बसते. एकट्या ‘र’चाच कारभार पाहा: ‘कर्म’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये कुशीत शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी जातो, आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळाच होतो. आपल्याला हे कधी खटकले नाही, कारण आपली गाठ बसून गेली आहे. माझा भाऊ ‘कर्म’ आणि ‘क्रम’ आजही एकच समजतो आणि मागचा-पुढचा संदर्भ पाहून निभावून नेतो.

तरीही मराठीत एकेक अक्षराचा उच्चार बव्हंशी ठरलेला असतो हे खरे. त्याचा परिणाम असा, की आपल्याकडचे असे मूल पुष्कळदा चुकीचे वाचत नाही, अतिशय हळू वाचते. चूक दिसते, संथपणा दिसत नाही. म्हणून ते उशिरा सापडते. २००१ साली इटालियन, फ्रेंच व इंग्रज वाचकांवरील एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. इटालियन ही मराठीसारखीच सरळ लिपीची भाषा. तिथल्या डिस्लेक्सिक वाचकांच्या चुका इंग्रजांपेक्षा कमी होत्या. पण वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागात जी जाग दिसायला हवी ती तिघांतही सारखीच मंद होती. मूळ एक, फक्त भाषेप्रमाणे सोंग निराळे.

मराठी मुलाची तपासणी मराठीतून झाली पाहिजे हे यावरून उघड आहे. त्याला इंग्रजी शब्द वाचायला देऊन काय कळणार? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला, तो हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. साल २०१५. म्हणजे पर्सीनंतर एकशे एकोणीस वर्षांनी.

आता सरकारने काय केले तेही पाहिले पाहिजे, कारण महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. १९९६ साली राज्याने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचे केंद्र उभे राहिले. सवलती कोणत्या? लेखी परीक्षेला जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गरज असल्यास लेखनिक, एका भाषेच्या जागी कार्यानुभव, आणि बीजगणित-भूमिती सोडून सातवीच्या पातळीचे गणित व त्याबरोबर कार्यानुभव. पुढे २००७ साली आमिर खान यांचा, अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. निदान ज्या घरांत सिनेमा पाहून अशा गोष्टींवर बोलतात त्या घरांत तरी पोचला. आमच्या घरी तो पाहिला गेला, आई रडली, आणि दुसऱ्या दिवशी भावाला अभ्यासावरून मार बसला. पडद्यावरचा ईशान पाचगणीच्या देखण्या वसतिगृहातला, आणि आमचा इथला. दोघांचे दुखणे एकच असेल हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. या कायद्याचे सोळावे कलम आपल्या प्राध्यापकांनी व भावी शिक्षकांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. मुलांतील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी व तिच्यावर मात करण्यासाठी योग्य त्या अध्यापनाचे व इतर उपाय योजावेत, हे कर्तव्य ते शिक्षणसंस्थेवर टाकते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तर शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलांची प्राथमिक पाहणी करावी असे म्हटले होते. माझ्या भावाची पाहणी कोणी केली नाही. त्याची तिसरी मोबाईलवर गेली, हे त्याला एक कारण आहे. पण एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही.

व्याख्यान ऐकल्यावर मी सरांना तासानंतर गाठले, त्यांनी वाट दाखवली, आणि आम्ही तपासणीच्या मागे लागलो. प्रथम डोळे, मग कान. ते ठीक निघाले. मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. तीन फेऱ्या झाल्या. आई चार घरी स्वयंपाकाला जाते. तिचे तीन खाडे पडले. शेवटी कागद हातात आला. भावाने पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे मी ढ नाही ना?” आईने तो कागद देव्हाऱ्यापुढे ठेवून नमस्कार केला. तिला त्यातले काही वाचता येण्यासारखे नव्हते. सगळे इंग्रजीत होते.

यानंतर जे झाले त्यातून मला या लेखातला मुख्य मुद्दा सापडला. कागद शाळेत दिला, फाईलला लागला. दहावीला जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, असे आश्वासन मिळाले. शिक्षक भले माणूस आहेत. त्यांनी भावाला उभे करून वाचायला लावणे त्या दिवसापासून बंद केले. पण त्याबरोबर त्याला काही विचारणेच बंद झाले. पूर्वी त्याला ओरडून का होईना शिकवीत होते. आता त्याला सूट मिळाली. तो मागच्या बाकावर शांत बसू लागला, आणि पोटदुखी थांबली म्हणून घरी आम्हांला बरे वाटले. दोन महिन्यांनी माझ्या ध्यानात आले, की त्याने वहीत काहीच लिहिलेले नाही.

सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. सवलत वर्षातल्या आठ दिवसांसाठी असते. उरलेले दोनशे-सव्वादोनशे दिवस शाळा भरते, त्यांत काय करायचे? ज्याच्या पायात अधूपण आहे त्याला शर्यतीत आघाडी दिली, पण चालायला कोणी शिकवले नाही, तर त्या आघाडीचे तो काय करील? इथे मी शिक्षकांना दोष देऊन मोकळी होऊ इच्छीत नाही. भावाच्या वर्गात पासष्ट मुले आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या एका अधिसूचनेत दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. आमच्याकडे विशेष शिक्षिका येतात त्या अनेक शाळा सांभाळून, एका दुपारी. त्या पायऱ्या चढून येईपर्यंत निम्मा तास संपलेला असतो. तरी त्यांनीच मला दोन तास बसवून घेतले आणि काय करता येईल ते दाखवले. ते मी इथे सांगते, कारण त्यातले पुष्कळसे कोणालाही, पासष्टांच्या वर्गातही, करता येण्यासारखे आहे.

फळ्यावरचे उतरवून घेणे हा अशा मुलाचा मोठा छळ असतो. मान वर, मान खाली, प्रत्येक वेळी जागा हरवते. शेजारच्या मुलाची वही त्याला घरी न्यायला दिली तरी निम्मे काम होते. गणिताला चौकटीची वही दिली की एकक-दशक आपापल्या घरात राहतात. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदात एका ओळीची खिडकी कापून ती पानावर सरकवीत वाचले की बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. धड्यावरचे प्रश्न आधी तोंडी विचारावेत. इतिहासाच्या उत्तराला गुण देताना इतिहासाचे द्यावेत, ऱ्हस्वदीर्घाचे कापू नयेत. सर्वांसमोर वाचायला लावायचेच असेल तर कोणत्या चार ओळी येणार हे आदल्या दिवशी सांगावे. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. पहिल्या आठवड्यात शिक्षकांना हे सांगताना मला भीती वाटली होती, पण भावाच्या सरांनी खिडकीचा कागद पाहिला आणि आणखी चार मुलांसाठी करून आण म्हणून सांगितले. चार! ती चार मुले त्यांनी स्वतःच ओळखली होती.

हे झाले अडचणीला वळसा घालणे. प्रत्यक्ष वाचन शिकवायचे तर अक्षर डोळ्यांबरोबर कानाने आणि हातानेही शिकवावे लागते: टाळीवर शब्द तोडायचा, एकेक ध्वनी उच्चारायचा, आणि तो उच्चारीत असतानाच अक्षरावरून बोट फिरवायचे. सारे थोडे थोडे, पण रोज. माँटेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरे आपल्याकडे बालवाड्यांतून आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या महाराष्ट्रात ती कोणाला नवी नाहीत. फक्त ती पाच वर्षांच्या मुलासाठी असतात असा आपला समज आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ती देताना त्याचा मान राखावा लागतो, एवढेच.

अक्षरांसाठी कागद कुठून आणावा असा विचार करीत होते. वडील अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी पॉलिश पेपरचे तुकडे आणले, आणि रात्री जेवणानंतर स्वतःच अक्षरे कापायला बसले. मी मोठ्या आकारात काढून द्यायची, त्यांनी कापायची. कातरीला असा हात, की ‘क्ष’ची गाठसुद्धा छापल्यासारखी उतरली. ‘थ’ झाल्यावर मी ‘य’ काढून दिला. वडिलांनी दोन्ही शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले, आणि हळूच मला विचारले, “यातला कोणता कोणता?”

मला काय बोलावे ते सुचेना. वडील येवला तालुक्यातल्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले. याच्या डोक्यात काही शिरत नाही, याला रानात घाला, असे सांगून गुरुजींनी त्यांना घरी पाठवले होते, ही गोष्ट ते नेहमी हसत सांगतात. कारखान्यातला नकाशा ते घडाघडा वाचतात, केसभर मापाची चूक त्यांच्या बोटांना कळते. पण सूचनाफलकावर नवा कागद लागला की त्याचा मोबाईलवर फोटो काढून माझ्याकडून वाचून घेतात. आम्ही समजत होतो, शाळा सुटली म्हणून वाचता येत नाही. वाचता येत नव्हते म्हणून शाळा सुटली, असे तर नसेल? ही अक्षमता पुष्कळदा घराण्यात चालत येते हे मी पुस्तकात वाचले होते. त्या रात्री ते माझ्यापुढे कातर घेऊन बसले होते. मी स्वतःला ‘पहिल्या पिढीची’ म्हणवून घेते, आणि असे म्हणवून घेणारे आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. आपल्या आधीच्या पिढीतले किती जण गरिबीने गेले आणि किती जण या एका न ओळखलेल्या गाठीने गेले, याचा हिशेब आता कोण करणार?

आपल्या वर्गांतही अशी मुले आहेत असे मला आता राहून राहून वाटते. नोट्सच्या झेरॉक्सवरच सारे वर्ष काढणारा, चर्चेत पुढे आणि पेपरात मागे पडणारा, तीन तासांत अडीच प्रश्न लिहून उठणारा एखादा तुमच्याही ओळखीचा असेल. अशा दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत असे २०१८ च्या केंद्रीय सूचनांत आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. पण मागायचे तर आधी आपल्याला काय होते आहे हे ठाऊक पाहिजे, आणि एकोणिसाव्या वर्षी ते मागण्यात कमीपणा वाटता कामा नये. आमच्या वर्गातल्या एकाने माझ्याकडून ही सारी हकीकत ऐकली आणि नंतर कॅन्टीनमध्ये विचारले, “मोठ्या माणसाची पण तपासणी होते का?” होते, असे मी सांगितले. पुढे मी त्याला काही विचारलेले नाही.

भावाचे वाचन आता कसे आहे, हे आपण विचाराल. हळू आहे. रोज अर्धा तास, रविवारी सुट्टी. गेल्या महिन्यात त्याने ‘किशोर’मधली एक पानभर गोष्ट अठरा मिनिटांत वाचली आणि वाचून झाल्यावर पहिले वाक्य काय होते ते सांगितले. वडील शेजारी बसून ऐकत होते. अलीकडे ते अर्धा तास बसतातच.

पुढे नववी आहे. गणिताच्या सवलतीचा अर्ज मी शाळेतून आणून ठेवला आहे. बीजगणित-भूमिती सोडली तर दहावी सुटेल. पण त्याला वडिलांसारखे यंत्रावर काम करायचे आहे, आणि तंत्रशिक्षणाच्या वाटेवर पुढे गणितच लागते. सरांचे मत, अर्ज भरावा. विशेष शिक्षिकेचे मत, वर्षभर थांबून पाहावे, त्याचे आकडे वाईट नाहीत, शब्दांत मांडलेली उदाहरणे वाचण्यात तो अडतो. आई म्हणते, देव सुचवील तसे. वडिलांनी अर्ज दोन-तीनदा हातात घेऊन पाहिला, आणि काल भावालाच विचारले, “तुला काय वाटतं?” तो म्हणाला, “आधी मला वाचू द्या, त्यात काय लिहिलंय ते.”

अर्ज दोन पानी आहे. कालपासून तो त्यावर खिडकीचा कागद सरकवीत बसला आहे.